कोठाराची किल्ली कोणाच्या हाती?

जपानमधील नारा शहरी शोसोइन नावाचे एक प्राचीन लाकडी कोठार आहे. इ. स. ७५६ मध्ये सम्राज्ञी कोम्यो हिने आपले दिवंगत पती सम्राट शोमू यांच्या वस्तू तोदाइजी मंदिरास अर्पण केल्या, त्या येथे ठेवल्या गेल्या. पुढे त्या दारावर सम्राटाच्या आज्ञेची मोहर लागू लागली. मग आज्ञेवाचून दार उघडण्याचा अधिकार मंदिराच्या भिक्षूंनाही राहिला नाही. त्या वस्तू बाराशे वर्षांहून अधिक काळ टिकल्या, त्याचे एक कारण हेच.

वाचकहो, आजची कोठारे संगणकाची आहेत. रुग्णालये, विद्यापीठे, बँका आपली माहिती एका सामाईक साठ्यात ठेवतात आणि अनेक सर्व्हर नेटवर्कमधून ती वाचतात व लिहितात. सोय मोठी आहे. पण दाराशी कोण आले हे पाहिले नाही, तर धोकाही तेवढाच.

ओसाका येथील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाला, अक्यूट अँड जनरल मेडिकल सेंटरला, ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी याचा अनुभव आला. रुग्णांच्या जेवणाचे काम बाहेरच्या एका संस्थेकडे होते. त्यासाठी तिचे नेटवर्क रुग्णालयाच्या आहार विभागाच्या सर्व्हरशी कायम जोडलेले होते. चोर आधी त्या संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरले आणि तेथून रुग्णालयात आले. आत अनेक सर्व्हरना एकच परवलीचा शब्द होता. एक दार उघडताच बाकीचीही उघडली. रुग्णांच्या नोंदी वाचता येईनाशा करून खंडणी मागण्यात आली. नेहमीचे उपचार व शस्त्रक्रिया थांबल्या, डॉक्टर पुन्हा कागदावर लिहू लागले. कारभार पूर्ववत होण्यास ११ जानेवारी २०२३ उजाडले.

यावर उपाय काय? साठा सांभाळणारा जाणता माणूस तीन गोष्टी करतो. पहिली, साठ्यापाशी एक यादी ठेवतो. तिच्यात ज्या सर्व्हरचा पत्ता आहे, त्यालाच दार उघडते. दुसरी, यादीतल्यालाही कामापुरताच हक्क देतो; ज्याला फक्त वाचायचे आहे, त्याला लिहू किंवा पुसू देत नाही. तिसरी, पत्ता खोटाही सांगता येतो, म्हणून ओळख पटवणारी वेगळी किल्ली मागतो.

दुसरी गोष्ट किती महत्त्वाची, हे क्योतो विद्यापीठात दिसले. तेथील महासंगणकाच्या साठ्याची राखीव प्रत करणाऱ्या व्यवस्थेत जुन्या नोंदी पुसणारी एक आज्ञावली होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती चालू असतानाच तिच्या जागी नवी घातली गेली. तिने भलत्याच फायली पुसल्या: सुमारे ३ कोटी ४० लाख फायली, ७७ टेराबाइट. १४ संशोधन गटांना फटका बसला. त्यांपैकी ४ गटांचे काम राखीव प्रतीतूनही परत मिळेना. येथे चोर कोणीच नव्हता. पुसण्याचा मोकळा हक्क मात्र होता.

आपल्या बेटावरही मंडळांची सभासदपत्रके, बैठकांचे हिशेब, गिरमिटाच्या काळातील कागदांच्या प्रती आता डिस्कवर जात आहेत. आजोबांच्या आजोबांचा आगमन क्रमांक घरच्या नोंदीतून एकदा पुसला गेला, तर तो पुन्हा शोधायला किती दारे ठोठवावी लागतील! म्हणून पुढच्या सभेत एवढेच विचारावे: आपला साठा कोणकोण उघडू शकतो, आणि त्यांतल्या कोणाचे काम आता संपले आहे? ज्यांचे संपले, त्यांची नावे त्याच दिवशी काढावीत. आणि एक प्रत नेटवर्कपासून दूर, कपाटात कुलपाखाली ठेवावी.