हवा मोजणारी माणसे

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. हवेची विहित मानके न पाळू शकलेल्या शहरांत औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, गणना झाली. पुढे पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांच्या अनुदानाचा काही भाग हवेच्या सुधारणेशी जोडला. धुळीच्या आकड्याला त्यामुळे रुपयांत मोल आले. परंतु हा आकडा घडवतो कोण, याचा विचार क्वचितच होतो.

मानवचलित केंद्रात हवा आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस मोजावी, असा दंडक आहे. यंत्र काचतंतूंच्या गाळणकागदातून हवा ओढते. धुळीसाठी दर आठ तासांनी कागद बदलावा लागतो, म्हणजे एक पाळी रात्रीची आलीच. वापरण्यापूर्वी आणि वापरल्यानंतर कागद ठरावीक तापमानात व आर्द्रतेत ठेवून तोलायचा. वजनातील फरक ही धूळ.

येथे थोडे गणित करून पाहावे. मिनिटाला १.१ घनमीटर या वेगाने आठ तासांत ५२८ घनमीटर हवा ओढली जाते. २००९ च्या मानकांनुसार दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची दैनिक मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. हवा नेमकी या मर्यादेवर असेल, तर कागदावर अवघी ५३ मिलिग्रॅम धूळ साचेल. पावसाळी दमटपणा शोषलेला कागद घाईने तोलला किंवा त्याचा कोपरा झडला आणि पाच मिलिग्रॅमची चूक झाली, तर निष्कर्ष साडेनऊ मायक्रोग्रॅमने बदलतो. शहर मर्यादेच्या आत की बाहेर, हे तेवढ्यावर ठरू शकते.

स्वयंचलित केंद्रे आल्यावर माणसांची गरज उरली नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. त्या यंत्रांचेही अंशांकन वेळोवेळी करावे लागते, आणि बिघडलेल्या यंत्राचा आकडा ओळखून बाद करण्यास जाणकार लागतोच. यंत्र-खरेदी भांडवली खर्चात मोडते. तिचे उद्घाटन करता येते. प्रशिक्षण हा महसुली खर्च. काटकसरीची कात्री प्रथम त्याच्यावर चालते. शिवाय कंत्राटी माणूस शिकून तयार होतो न होतो, तोच कंत्राट संपते आणि शिकवण्याचा खर्च पुन्हा शून्यापासून करावा लागतो.

चुकीच्या आकड्याची किंमत दुहेरी असते. आकडा खोटा कमी आला, तर दमेकऱ्याच्या औषधाचा भार त्याच्या कुटुंबावर पडतो आणि शासन निश्चिंत राहते. तो खोटा वाढला, तर चुकीच्या ठिकाणी पैसा ओतला जातो. दोन्हीही नुकसाने लेखापरीक्षणात दिसत नाहीत.

यावरील उपाय फार खर्चाचा नाही. विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. नागपूरची ‘नीरी’ राज्यातच आहे. त्यांच्या साहाय्याने या शहरात कायमस्वरूपी प्रशिक्षणवर्ग चालवावा. वेगमापन, तोलणे, नोंदवही, वीज खंडित झाल्याची नोंद, यांची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊनच माणसाला केंद्रावर पाठवावे. त्याला काही वर्षांची सेवाशाश्वती द्यावी. दर महिन्याला काही कागद दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तोलून घ्यावेत आणि दोन्ही वजने जाहीर करावीत. संशयास्पद नोंद रद्द करण्याचा अधिकारही त्या कर्मचाऱ्याला हवा. ‘आजचे मोजमाप ग्राह्य नाही’ असे लिहिल्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार असेल, तर तो काहीतरी आकडा भरून मोकळा होईल. हवेवर कोट्यवधींचा खर्च करताना या तराजूपाशी उभ्या असलेल्या माणसाची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली झाली पाहिजे.