माघाची सुगी आणि कडब्याचा हिशेब

खरीप हंगामाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले जाते. पावसाचे आगमन, पेरणीची टक्केवारी, बियाणे व खते यांचा पुरवठा या बाबींकडे शासनाचे आणि वृत्तपत्रांचे सारखेच लक्ष असते. त्या मानाने सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील लहान शेतकऱ्याचा खरा हंगाम माघ-फाल्गुनात उरकतो, याची दखल फारशी घेतली जात नाही. रब्बी ज्वारीची काढणी, मोडणी, मळणी व कडब्याची साठवण ही सारी कामे थंडी ओसरू लागल्यापासून होळीपर्यंतच्या पाच-सहा आठवड्यांत आटोपावी लागतात. माणसांचे वर्षाचे धान्य आणि जनावरांचा उन्हाळ्याचा चारा या दोहोंचा निर्णय त्याच काळात होतो.

हे पीक मुळात साठवलेल्या ओलाव्यावर येणारे आहे. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हा त्याच्या पेरणीचा काळ. त्यानंतर पाऊस बहुधा पडत नाही. काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ताट वाढते, पोटरीत येते, निसवते. जमीन सुकू लागली की तिला भेगा पडतात आणि त्या भेगांतून उरलीसुरली ओल निघून जाते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी, शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने करून भेगा बुजवाव्यात, अशी शिफारस आहे. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ हे शेतकऱ्याच्या तोंडचे वाक्य अतिशयोक्तीचे नाही.

दाणा चिकात आला की हुरड्याचे दिवस येतात. शेताच्या कडेला आगटी पेटते, पाहुणेरावळे येतात. अलीकडे शहरांतील मंडळीही हुरड्यासाठी पैसे मोजून गावाकडे येऊ लागली आहेत, आणि काही कुटुंबांना त्यातून बऱ्यापैकी उत्पन्न मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु हुरडा संपल्यानंतर शेतावर जे घडते ते पाहावयास कोणी येत नाही.

ज्वारी पिकली की ती सोलापूर-मराठवाड्याकडे बहुतेक ठिकाणी कापत नाहीत, उपटतात. बुंध्याचा वीतभर भागही चाऱ्यात यावा हा त्यातील हिशेब. कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी ताटे धरून, मुळांची माती झटकीत दिवसभर पुढे सरकायचे, हे काम अत्यंत कष्टाचे आहे. हात सोलवटतात. उपटलेली ज्वारी काही दिवस शेतातच पसरून वाळू देतात. मग कणसे मोडावयाची, ताटांच्या पेंढ्या बांधावयाच्या, त्या एका जागी वाहून आणून गंज रचावयाची. कणसे मोडणे हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांकडे असते. पूर्वी खळे सारवून, तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून मळणी होई आणि वारा सुटण्याची वाट पाहत उफणणी चाले. आता मळणी यंत्राने हा भार पुष्कळच हलका केला आहे. मात्र यंत्र खळ्यापाशी येऊन थांबले. उपटणे, मोडणे व पेंढ्या बांधणे अजून बव्हंशी माणसाच्या हातांवरच आहे.

येथे थोडा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार राज्यातील सरासरी वहितीधारणा १.३४ हेक्टर होती. अशाच एका कुटुंबात पाच माणसे, एक बैलजोडी व एक गाय आहे आणि एक हेक्टर ज्वारी आहे, असे समजू. माणसांना रोज दोन किलो ज्वारी लागली तरी वर्षाला सव्वासात क्विंटल पुरते. जनावरांना प्रत्येकी आठ किलो कडबा धरल्यास दिवसाला २४ किलो, आणि मार्चच्या मध्यापासून हिरवे गवत दिसू लागेपर्यंतच्या १२० दिवसांना सुमारे २९ क्विंटल. आता मध्यम जमिनीत, मध्यम वर्षी हेक्टरी दहा क्विंटल धान्य आले, आणि कडबा धान्याच्या सुमारे अडीचपट धरला, तर तो २५ क्विंटल होतो. म्हणजे धान्य खाऊन सुमारे पावणेतीन क्विंटल उरते. कडबा मात्र चार क्विंटलांनी कमी पडतो.

उत्पादनाचे आपले सारे आकडे धान्याच्या क्विंटलांत असतात. लहान शेतकऱ्याची तूट कडब्यात असते. ही तूट कागदावर दिसत नाही. ती मे महिन्यात जनावरांच्या बाजारात दिसते, जेव्हा चाऱ्याअभावी बैल पडेल त्या भावाने विकले जातात. २०१२-१३ व २०१८-१९ या टंचाईच्या वर्षांत चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्यांची सुरुवात आदल्या माघातील रित्या गंजींपासून झालेली होती. मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही जात इतक्या नव्या वाणांनंतरही शेतकऱ्याने सोडली नाही, याचेही एक कारण भाकरीच्या चवीबरोबर तिच्या कडब्याची प्रत हे आहे. राहुरी व परभणीच्या विद्यापीठांनी पुढे जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले, तेव्हा कडब्याचे उत्पन्नही विचारात घेतले, हे योग्यच झाले.

मनुष्यबळाचा प्रश्न याहून अवघड आहे. याच जिल्ह्यांतील असंख्य जोडपी ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. ज्वारी मात्र फेब्रुवारीत पिकते. अशा घरी काढणी कोणी करावयाची? म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. या आठवड्यांत पटावरील मुले वर्गात का दिसत नाहीत, हे गावातील शिक्षकास वेगळे सांगावयास नको. सावडीची जुनी पद्धत, म्हणजे आज तुझे शेत, उद्या माझे, जेथे टिकून आहे तेथे हा भार विभागला जातो. ज्या ग्रामपंचायतींना शक्य असेल त्यांनी माघ लागण्यापूर्वीच अशा घरांची यादी करून सावडीची जुळणी करून द्यावी. याला निधी लागत नाही.

त्यात आभाळाचे भय असतेच. ढगाळ हवेत मावा वाढतो, पानांवर चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरून कडब्याची प्रत जाते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने काढून पसरलेली ज्वारी भिजली, दाणा काळा पडला. अशा वेळी पंचनामा करणाऱ्यांनी उभ्या पिकाबरोबर पसरलेल्या पेंढ्या व भिजलेली गंजही पाहून तिची नोंद घेणे आवश्यक आहे.

हाती आलेला कडबा टिकविणे मात्र घरच्याच हातात आहे. गंज उंचवट्यावर, खाली दगड वा लाकडे घालून, वर निमुळती रचावी म्हणजे वळवाचे पाणी आत मुरत नाही. ती घरापासून व चुलीपासून दूर असावी. अख्खी पेंढी टाकली तर जनावर पाने खाऊन बुडखे तुडविते. कुट्टी करून दिल्यास तोच कडबा अधिक दिवस पुरतो. वर मांडलेली चार क्विंटलांची तूट एवढ्या एका गोष्टीने भरून निघू शकते. कुट्टी यंत्र एका घरास परवडत नसेल, तर वस्तीवरील चार-पाच घरांनी मिळून घ्यावे, आणि ते मे महिन्यात नव्हे, गंज रचली जात असतानाच घ्यावे.