पडद्यावर ‘विक्रोळी’ नीट कशी उमटते?

मागच्या वेळी आपण रेषा आणि वर्तुळं काढली, आज अक्षरं काढू. काम सोपं वाटतं, पण मराठीत ते कुठे अडतं ते बघू.

आपल्या उपनगरांतल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी टर्बो सीमधलं ‘आउटटेक्स्टएक्सवाय’ वापरलंय. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: आडवं स्थान, उभं स्थान आणि मजकूर. ते मजकुरातला एकेक बाइट घेतं, त्या क्रमांकाचं चित्र पडद्यावर ठेवतं आणि पुढे सरकतं. मूळ फॉन्टमध्ये प्रत्येक चित्र ८ बाय ८ ठिपक्यांचं. ‘अंधेरी’ इंग्रजीत लिहिलं तर ७ अक्षरं, म्हणून रुंदी ५६ ठिपके. हिशोब संपला.

आता ‘विक्रोळी’ घ्या. युनिकोडमध्ये हा शब्द ८ संकेतांचा आहे: व, पहिली वेलांटी, क, पाय मोडल्याची खूण, र, ओकार, ळ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक संकेताला ३ बाइट, म्हणजे एकूण २४. जुनं फंक्शन इथे २४ भलतीच चिन्हं काढेल.

मग युनिकोड समजणारी लायब्ररी घेतली की झालं? नाही. पहिली वेलांटी साठवली जाते ‘व’च्या नंतर, पण काढायची असते ‘व’च्या आधी. लायब्ररीने संकेत आले तसे मांडले, तर ती वेलांटी ‘क’वर जाऊन बसते आणि वाचणारा ‘कि’ वाचतो. ‘क्र’ जुळतच नाही. पाय मोडलेला ‘क’ वेगळा, ‘र’ वेगळा. ‘कुर्ला’मधला रफारही ‘ला’वर चढत नाही.

गंमत अशी, की ‘घाटकोपर’ आणि ‘मुलुंड’ मात्र बहुधा ठीक दिसतात, कारण त्यांत जोडाक्षर नाही, पहिली वेलांटीही नाही. तेवढंच तपासून आपण निर्धास्त होतो. मग तोच प्रोग्राम शाळेची प्रमाणपत्रं छापतो आणि ‘शर्मिला’चं नाव मोडकं येतं. तिच्या हातात तोच कागद राहतो.

मधली पायरी राहिली, ती म्हणजे शेपिंग: संकेतांची रांग घेऊन फॉन्टमधले नियम लावायचे आणि कोणती चित्रं, कोणत्या क्रमाने, कुठे ठेवायची ते ठरवायचं. हे काम हार्फबझ करतं. फ्रीटाइप फक्त चित्र काढून देतं; क्रम ठरवत नाही. नियम फॉन्टमध्येही असावे लागतात. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा असाच ओपनटाइप फॉन्ट. तो घडवणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवत असत.

पायथनच्या ‘पिलो’त मांडणीचे दोन मार्ग आहेत, ‘बेसिक’ आणि ‘राक्म’. राक्म आतून हार्फबझ वापरतं, म्हणून मराठीसाठी तेच हवं. ते आपल्या संगणकावर आहे का, हे आधी तपासा. नसेल तर पिलो मुकाट्याने बेसिक वापरतं.

दोन सवयी लावून घेऊ. रुंदी मोजायची ती शेपिंगनंतर. संकेत मोजून नव्हे. आणि मजकूर एकेक संकेत तोडून काढायचा नाही, पूर्ण शब्द एकदम द्यायचा.

घरी गेल्यावर ‘विक्रोळी’, ‘कुर्ला’ आणि ‘शर्मिला’ काढून बघा. तिन्ही नीट आले, तरच प्रोग्राम दुसऱ्याच्या हाती द्या.