सापशिडीतले जंतू

कल्याणच्या दूधनाक्यावर आमचे घर. दोन वर्षांपूर्वी माझी अम्मा अंथरुणाला खिळली. लघवीची नळी बसवलेली, दिवसपाळीला एक मावशी येत. काही आठवड्यांनी अम्माला लघवीतला संसर्ग झाला, ताप चढला. घरातल्या सगळ्यांनी मावशींकडे बोट दाखवले. त्यांचे काम गेले.

मध्यंतरी डोंबिवलीत ओळखीच्या एका निवृत्त सिस्टरांकडे गेलो. हॉलमध्ये अशाच सहासात मावशी बसलेल्या, कुणी टिटवाळ्याच्या, कुणी आसनगावच्या. आणि चक्क खेळ चालला होता! खोबरेल तेलात चमकी कालवून सिस्टरांनी प्रत्येकीच्या हाताला लावली. आधी नुसत्या पाण्याने हात धुवायला सांगितले. चमकी तशीच. वुजू करताना बोटांच्या बेचक्याही धुवाव्यात, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेले. पण तेही पाणीच, असे माझ्या मनात आले. मग साबणाने घाईघाईत धुतले. तळहात स्वच्छ झाले, पण अंगठ्याच्या मुळाशी आणि नखांत चमकी राहिलीच. चाळीस ते साठ सेकंद नीट चोळल्यावर कुठे ती गेली. जंतू दिसत नाहीत, चमकी दिसते.

दुसरा खेळ सापशिडीचा. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जाणारा मोक्षपट याच जातीचा. तिथे दुर्गुणांचे साप, इथे सवयींचे. हातमोजे घालून मोबाइल उचलला आणि तसेच पेशंटला हात लावला, तर साप. हातमोजे काढल्यावर हात धुतले, तर शिडी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, नळी किंवा जखमेच्या कामाआधी, मलमूत्र-रक्ताशी संबंध आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यावर आणि त्याच्या भोवतालच्या वस्तूंना हात लागल्यावर. हा पाचवा क्षण जवळजवळ सगळ्याच जणी विसरत होत्या. नुसता पलंगाचा कठडा धरला, मग हात कशाला धुवायचे?

भाषण दिले की मावशी मान डोलावतात. चूक दाखवली की ती बोलणी वाटतात, आणि बोलण्यांमागे काम जाण्याची धास्ती असतेच. इथे चुकते ती सोंगटी. म्हणून तर एकजणी हसत म्हणाल्या, "सिस्टर, हे तर मी रोजच करते!"

पटावरच्या एका घरात लिहिले होते, 'लघवीची पिशवी गादीवर ठेवली.' तिथे लांबलचक साप. पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर हवी, जमिनीलाही टेकता कामा नये. वर उचलली तर लघवी उलटी फिरून जंतू आत जाऊ शकतात. मी गप्प झालो. अम्माला कुशीवर वळवताना पिशवी उचलून गादीवर ठेवणारा मीच होतो, मावशींना तेवढीच मदत म्हणून. संसर्ग त्यानेच झाला असे सांगता येणार नाही. पण मावशींमुळे झाला, हे तरी आम्हाला कुणी सांगितले होते?

निघताना एका मावशींनी विचारले, "साबण कुणी आणायचा? माझ्या दोन घरी बेसिनवर साबणच नसतो." सिस्टरांनी उत्तर दिले नाही, माझ्याकडे पाहिले. आता आमच्या बेसिनवर साबण असतो आणि रोज धुतलेला नॅपकिनही.