लहान रचनांचा थोर कर्ता : एडवर्ड ग्रीग

मोठा ग्रंथ लिहितो तोच मोठा कवि, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु एखाद्या चार ओळींच्या ओवींत जें सांठतें, तें कित्येकदां महाकाव्यासही साधत नाहीं. संगीताच्या प्रांतांतही असेंच आहे. याचें उत्तम उदाहरण म्हणजे नॉर्वे देशाचा संगीतरचनाकार एडवर्ड ग्रीग. त्याचा थोडक्यांत परिचय आम्ही येथें करून देत आहों.

ग्रीगचा जन्म १५ जून १८४३ रोजीं बेर्गेन या बंदरीं झाला. पियानोचे पहिले धडे त्यास आईनें दिले. पंधराव्या वर्षीं तो जर्मनींत लायप्झिगच्या संगीतविद्यालयांत गेला. तेथें १८६० सालीं मोठ्या दुखण्यानें त्याचें एक फुप्फुस कायमचें निकामी झालें. १८६७ सालीं गायिका नीना हागेरुप हिच्याशीं त्याचा विवाह झाला. पुढील वर्षीं कन्या झाली. ती अवघ्या तेरा महिन्यांची होऊन वारली, आणि त्या घरीं पुन्हां मूल खेळलें नाहीं.

१८६४ सालीं त्यानें वाद्यवृंदासाठीं एक सिंफनी लिहिली होती. पण ती कधींही वाजवूं नये, असें त्यानें हस्तलिखितावर लिहून ठेविलें. १८६८ सालचा त्याचा पियानो-कन्चेर्टो जगप्रसिद्ध झाला खरा. तथापि जन्मभर त्याची सोबत केली ती ‘लिरिक पिसेस’ म्हणजे पियानोवरील भावगीतिकांनीं. १८६७ पासून १९०१ पर्यंत त्यांचे १० संग्रह निघाले. एकंदर रचना ६६. विषय साधे : फुलपांखरूं, वसंत, घंटानाद, लग्नाचा दिवस. बहुतेक रचना पांच मिनिटांच्या आंत संपतात.

त्याच्या शैलीचें मूळ नॉर्वेच्या खेड्यांत आहे. तेथील हार्डांगर फिड्ल या वाद्यास मुख्य तारांखालीं आणखी तारा असतात. आपल्या सारंगीच्या तरफांप्रमाणें त्या आपोआप झंकारतात. हाच नाद ग्रीग पियानोवर आणतो. डाव्या हातानें तो षड्ज व पंचम एकत्र धरितो आणि उजव्या हातानें त्यांवर चाल वाजवितो. तंबोऱ्याची संवय असलेल्या आपल्या कानांस हें मुळींच परकें वाटत नाहीं. दुसरी खूण अशी कीं, एकच लहान स्वरवाक्य तो दोनदां म्हणतो, पण दुसऱ्या वेळीं खालचे साथीचे स्वर बदलतो. त्यामुळें तेंच वाक्य निराळ्या अर्थानें बोलूं लागतें.

पहिल्या संग्रहांतील पहिली रचना ‘आरिएट्टा’. चौतीस वर्षांनीं शेवटच्या संग्रहाच्या शेवटच्या रचनेंत तीच चाल परत येते, मात्र तीन मात्रांच्या डौलांत. मधल्या काळांतील सुखदुःखांचा त्यानें शब्दानें उच्चार केला नाहीं. केवळ लय बदलली, आणि ऐकणारास सर्व कांहीं कळलें. ४ सप्टेंबर १९०७ रोजीं तो बेर्गेन येथेंच वारला.

आमच्या दारव्ह्यासारख्या गांवीं पियानो सहसा दृष्टीस पडत नाहीं. पण पेटी आहे. डाव्या हातानें भाता हलवीत ठेवून उजव्या हाताच्या दोन बोटांनीं षड्ज-पंचम धरावे, आणि सोबत्यानें त्यांवर ओळखीचें एखादें जात्यावरचें गाणें म्हणावें; ग्रीग काय करीत होता, तें लगेच ध्यानांत येईल.