रुतलेली पुंगळी

गोळी नळीतून पुढे जाताच तिच्यामागील तप्त वायूचा अल्पांश मागे वळवून, त्याच बळावर रिकामी पुंगळी बाहेर फेकावी व नवे काडतूस आत बसवावे, हे स्वयंभरणी रायफलीचे चक्र क्षणार्धात पुरे होत असल्याने, दाब, गती आणि स्वच्छता यांचा मेळ किंचित ढळला तरी ते थांबते. यूजीन स्टोनर यांच्या रचनेतून निघालेली अमेरिकेची एम-१६ रायफल व्हिएतनामच्या रणभूमीवर याच व्याधीने ग्रासली. काडतुसातील दारू बदलल्याने यंत्रणेचा वेग व काजळी वाढली, क्रोमियमच्या मुलाम्याअभावी काडतुसाच्या घरास दमट हवेत गंज चढला, आणि सफाईचे साहित्यही शिपायांना पुरेसे मिळाले नाही. परिणामी पुंगळी आतच रुते आणि शत्रूसमोर नळीत सळई घालून ती ढकलावी लागे. १९६७ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने चौकशी करून लष्करी कारभारावर कठोर ठपका ठेवला. पुढे मुलामा, यंत्रणेचा वेग आवरणारा सुधारित बफर व सफाईची शिस्त यांनी दोष बव्हंशी निवारला. यंत्राचा एक घटक बदलताना समग्र यंत्राची पुनःपरीक्षा न करणे, हा त्यावर प्राण सोपविणाऱ्यांचा विश्वासघात होय.