कोपीतली चूल

दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडचे ऊसतोड कामगार सांगली-कोल्हापूरला नाहीतर थेट बेळगावकडे निघतात, तेव्हा ट्रॅक्टरमध्ये कोयत्यासोबत ज्वारी-बाजरीची पोती, तवा आणि काटवटही असते. हंगामभर घर म्हणजे कोपी. बाहेर तीन दगडांची चूल, जळणाला उसाचं पाचट. ते भसकन पेटतं नि लगेच विझतं, त्यामुळे भाकरी थापता थापता जाळ सारत राहावं लागतं. बाई पहाटे तीन-चारला उठते, दोन्ही वेळच्या भाकरी एकदमच बडवते. सोबत ठेचा, फार तर पिठलं. फडक्यात बांधायचं आणि फड गाठायचा. मजुरी नवरा-बायकोच्या जोडीला मिळून, टनावर. चुलीपुढच्या तासांना मुकादमाच्या वहीत रकानाच नाही!

रेशनचं मात्र आता सोपं झालंय. जानेवारी २०२० पासून महाराष्ट्राची शिधापत्रिका कर्नाटकातही चालते. ती आधारशी जोडलेली असली, की कारखान्याजवळच्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा गावातच उचलता येतो. तुमच्या शिवारात कोप्या पडल्या असतील, तर रेशन दुकान कुठे आहे तेवढं त्यांना जरूर दाखवा.